‘अडचण आहे’

पत्र थोडं कमी करून देते आहे.

“मी कॉलेज रोडला राहते. सोसायटीत चोवीस घरं, ख्रिस्ती आमचं एकच. माझं माहेर श्रीरामपूरकडचं, कॅथलिक. सासर नाशिकचंच, शरणपूर रोडच्या मंडळीतलं, प्रॉटेस्टंट. माहेरी भिंतीवर येशूचा मोठा फोटो, शेजारी मतमाउली (मरियामाता), खाली लाल दिवा. सासरी वचनांचं कॅलेंडर, बाकी भिंत मोकळी. लग्नात आईने दिलेली बाळ येशूची मूर्ती अकरा वर्षं माझ्या कपाटात साड्यांच्या मागे आहे. सासूबाईंना माहीत आहे. त्या बोलत नाहीत, मी काढत नाही.

गणपतीत रोज दोन-तीन घरांना आरतीचा मान असतो. चार वर्षं झाली, आमची पाळी आली की मी सेक्रेटरींच्या मिसेसना सांगते, ‘माझी अडचण आहे.’ त्या लगेच मान डोलावतात. या वर्षी मुलीने ऐकलं. नऊ वर्षांची आहे, चौथीत. रात्री पांघरुणात शिरून विचारते, ‘आई, अडचण म्हणजे आपला येशू का?’ त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये मैत्रिणीने तिला विचारलं, तुमचा देव दिसतो कसा? ही म्हणाली, ‘गोरा आहे, निळे डोळे. फॉरेनचा आहे.’

आता नाताळ येतोय. नवरा अंबडला कंपनीत आहे. तो म्हणतो, चांदणी या वर्षी हॉलमध्येच लावू, गॅलरीत नको. श्रद्धा घरातली गोष्ट आहे, चारचौघांत कशाला. (आम्ही दोघं लिफ्टमध्ये ‘चर्च’ हा शब्द हळू आवाजात बोलतो, हे मला मुलीने सांगितल्यावर कळलं.)

मुलीला देव कसा दिसतो म्हणून सांगू? मूर्ती बाहेर काढू का? पुढच्या गणपतीत काय करू? आणि चांदणी कुठे लावू? नाव छापू नका.”

प्रिय ताई,

आधी हसले, माफ करा. सोसायटीतली पाळी चुकवायला तुम्ही दुसऱ्याच पाळीचा आधार घेतलात, आणि तोही सलग चार वर्षं, नेमका आपल्या नंबराच्या दिवशी. बायकांना हा हिशेब चांगला येतो हो. सेक्रेटरींच्या मिसेसना केव्हाच कळलं असणार. त्या तुम्हाला सांभाळून घेतायत.

मग लेकीचा प्रश्न वाचला आणि हसू गेलं. तिला ‘अडचण’चा बायकी अर्थ कुठून ठाऊक असणार? देवाचा विषय निघाला की आई हा शब्द काढते, एवढं तिने पाहिलं आणि दोन्ही जोडलं. तिचं काहीच चुकलेलं नाही. आणि पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे: लिफ्टमधला हळू आवाज. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. पोरं भिंतीवरचं चित्र विसरतात, आईचा आवाज कुठे खाली गेला ते विसरत नाहीत. म्हणून चारही प्रश्नांची उत्तरं मी त्या आवाजाकडे बघत देणार आहे.

आधी तो गोरा, निळ्या डोळ्यांचा येशू. तुमच्या माहेरच्या फोटोत खांद्यापर्यंत रुळणारे तपकिरी केस आणि कपाळावर उजेड असेल, नजर किंचित वर, तर तो फोटो मूळचा कुणाचा ते मला ठाऊक आहे. शिकागोतल्या वॉर्नर सॉलमन नावाच्या माणसाने १९४० मध्ये रंगवलेलं ते चित्र. त्याच्या कोट्यवधी प्रती निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या खिशात त्याची छोटी कार्डं होती. तिथून ते जगभर गेलं, आपल्याकडच्या कॅलेंडरांवर आलं, आणि दोन पिढ्यांत आपल्याला वाटायला लागलं की देव असाच दिसतो. यात हसण्यासारखं काही नाही. घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे तरी कुठून आले? राजा रविवर्म्याचा छापखाना मळवलीला होता, तिथली चित्रं खेडोपाडी गेली आणि देवींना नऊवारी आणि चेहरा मिळाला. छापखाना हा मोठा मूर्तिकार आहे.

बायबलमधली येशूची चरित्रं, म्हणजे चारही शुभवर्तमानं धुंडाळा, येशूच्या नाकाडोळ्यांबद्दल एक ओळ सापडणार नाही. उंची नाही, रंग नाही, दाढी होती की नव्हती तेही नाही. रोमच्या जमिनीखालच्या दफनगुहांत तिसऱ्या शतकातली ख्रिस्ती चित्रं आहेत. त्यांत तो मिशी न फुटलेला पोरगेला मेंढपाळ आहे, खांद्यावर मेंढरू टाकलेला. नाशिकच्या बाहेर माळावर मेंढ्या घेऊन चाललेला धनगराचा मुलगा बघितलात तर तोच वाटेल. दाढीवाला, राजासारखा बसलेला येशू नंतर आला, जेव्हा धर्माला सम्राटांचा आश्रय मिळाला. ज्यांनी चित्र काढलं त्यांनी त्याला आपल्या गरजेचा चेहरा दिला, असं मला वाटतं. छळ सोसणाऱ्यांना मेंढपाळ हवा होता. दरबाराला राजा हवा होता.

आणि पिता-परमेश्वर? पांढऱ्या दाढीचा म्हातारा. बायबलमधल्या दानिएल संदेष्ट्याच्या दृष्टान्तात पांढऱ्याशुभ्र वस्त्रातला, लोकरीसारख्या केसांचा एक पुराणपुरुष आसनावर बसलेला दिसतो, तिथून युरोपच्या चित्रकारांनी त्याला उचलला. रोममधल्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये तो रंगवला आणि मग तोच कायम झाला. गंमत अशी की हे पवित्र शास्त्र त्याच देवाला आणखीही बऱ्याच रूपांत दाखवतं. खडक, मेंढपाळ. यशया संदेष्टा तर त्याला आईच्या जागी बसवतो: आई लेकराला कुरवाळते तसा मी तुम्हांला धीर देईन. येशू स्वतःबद्दल बोलताना पिल्लांना पंखाखाली घेणारी कोंबडी म्हणतो. तिचं चित्र मात्र कुणी फ्रेम करून दिवाणखान्यात लावत नाही.

तेव्हा मुलीला काय सांगायचं? खरं तेच सांगा. देव डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक त्याला आपल्या मनासारखं काढतात. येशू मात्र खरा माणूस होता, गालीलातला, सुताराच्या घरचा, उन्हात पायी हिंडणारा, तेव्हा तो गोरापान असण्याचं काही कारण नाही. आणि ‘फॉरेनचा’ म्हणाली त्याबद्दल रागावू नका. तिला सांगा की तो शिकागोलाही फॉरेनचाच आहे. आशियातला माणूस तो, आपल्याच बाजूचा.

तिला आंजेलो दा फोन्सेकाची चित्रं दाखवा, मोबाइलवर शोधलीत तरी मिळतील. जन्म गोव्यात १९०२ मध्ये. शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकला. त्याने मरियेला साडी नेसवली, सावळी केली, येशू आपल्या मातीतला काढला. गोव्यातल्या काही मंडळींना ते रुचलं नाही. मग तो पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला, आणि १९६७ मध्ये वारला तोही पुण्यातच. साडीतली मरिया बघून तुमची लेक काय म्हणते ते मला खरंच ऐकायचंय. शाळेत असताना मी एकदा मुलांना असं एक चित्र दाखवलं होतं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, ही तर आमच्या काकूसारखी आहे.” मला तर बरंच वाटलं.

आता साड्यांच्या मागचा बाळ येशू.

तुमच्या सासूबाईंची आणि आईची भांडणं झाली नसतील, पण मनातल्या मनात दोघींनी एकमेकींवर शिक्का मारला असणार. एक म्हणत असेल, हे मूर्तिपूजक. दुसरी म्हणत असेल, यांचं घर कसं ओकंबोकं. दोघींना एक मजा सांगा. दहा आज्ञा दोघींच्याही दहाच, पण मोजणी वेगळी. सासूबाईंच्या मोजणीत ‘कोरीव मूर्ती करू नकोस’ ही स्वतंत्र दुसरी आज्ञा. कॅथलिक मोजणीत ती पहिल्या आज्ञेतच येते, आणि दहाचा आकडा भरायला शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग होतात. म्हणजे तुमच्या आईने आज्ञा गाळलेली नाही. ती वेगळ्या पाटीवर मोजते.

या विषयावर ख्रिस्ती लोक तुमच्या सासरमाहेरापेक्षा फार आधीपासून भांडत आलेत. आठव्या शतकात पूर्वेकडच्या साम्राज्यात चित्रं फोडण्यापर्यंत मजल गेली होती. ७८७ मध्ये निकिया गावी सगळे बिशप जमले (ते गाव आज तुर्कस्तानात आहे) आणि ठरलं ते असं की चित्राला मान द्यायला हरकत नाही, उपासना मात्र एकट्या देवाची. आपण आजोबांच्या फोटोला हार घालतो, तेव्हा आजोबांना देव मानतो का? तसंच काहीसं. पुढे सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंटांनी हा प्रश्न पुन्हा उकरला, कारण त्यांच्या मते लोक मान आणि उपासना यांतली रेघ ओलांडून केव्हाच पलीकडे गेले होते. त्यांचंही म्हणणं मला खोटं वाटत नाही. चुंबून चुंबून झिजलेले दगडी पाय मी बघितलेत.

बाळ येशूचं म्हणाल तर त्या रूपाचं मूळ प्रागमध्ये आहे. स्पेनमधून आलेली ती छोटी मूर्ती १६२८ मध्ये लोब्कोविच घराण्यातल्या पोलिक्सेना नावाच्या बाईने तिथल्या कार्मेलाइट साधूंना दिली. ती तिला आईकडून मिळाली होती. म्हणजे आईने लेकीला दिलेली मूर्ती, तुमच्यासारखीच. त्या बाळाचे अंगरखे सणावाराप्रमाणे बदलतात. आपल्या नाशिक रोडच्या बाळ येशूला दर फेब्रुवारीत किती गर्दी लोटते ते तुम्ही पाहिलंच असेल. त्या गर्दीत ख्रिस्ती नसलेली कितीतरी माणसं नवस फेडायला आलेली असतात. आणि तुमच्या माहेराजवळच्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, तिच्या नावातली माउली थेट आळंदी-पंढरीच्या वाटेवरची. कुणी समिती नेमून हा शब्द आणला नाही. मराठी माणसाला माया म्हटली की माउली सुचते.

तर मूर्ती काढा बाहेर. पण हॉलमध्ये नको. ते घर सासूबाईंचंही आहे, आणि मोकळ्या भिंतीमागे त्यांच्याही पिढ्यांची श्रद्धा आहे. तुमच्या खोलीत, तुमच्या बाजूच्या शेल्फवर ठेवा. परवानगी मागू नका, चोरूनही ठेवू नका. साडी नेसताना सहज सांगा: “आई, मी आईने दिलेला बाळ येशू माझ्या खोलीत ठेवतेय. मी त्याची पूजा करत नाही, त्याच्याकडे बघून आईची आठवण येते आणि प्रार्थना सुचते.” त्या गप्प राहतील असा माझा अंदाज आहे. अकरा वर्षं गप्प राहिलेली बाई विरोधात असतेच असं नाही. कधीकधी तीही वाट बघत असते. आणि नातीला देव शब्दांतून कसा बघायचा ते त्यांनाच शिकवू द्या. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र त्यांना तोंडपाठ असणार. तिला रात्री म्हणून दाखवायला सांगा. शब्दांचं चित्र रंगवायला चित्रकार लागत नाही, आजीचा आवाज पुरतो.

एका घरात देवाची दोन रूपं राहू शकतात का, असं तुम्ही विचारलं नाही, पण ओळींमध्ये ते आहे. आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. लक्ष्मीबाई टिळक इथल्या जलालपूरच्या. नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये. मधली पाच वर्षं काय गेली असतील! काही काळ ताटातूट, मग एकत्र आल्यावरही यांचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं. ते घर मोडलं नाही. पुढे टिळक सांगायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुमच्या घरात तर दोन्ही बाजूंना तोच ख्रिस्त आहे. एका शेल्फचा प्रश्न आहे, ताई.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. ‘श्रद्धा घरातली गोष्ट’ हे म्हणणं उथळ नाही. खुद्द येशूने सांगितलंय: प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे, आणि गुप्तवासी पित्याशी बोल. चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना तो ढोंगी म्हणतो. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाचं एक पान मागे उलटा. त्याच डोंगरावर, त्याच प्रवचनात तो म्हणून गेलाय की दिवा लावून कुणी मापाखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतात. मग माणसाने दार लावायचं की दिवा बाहेर ठेवायचा? मी यावर बरीच वर्षं विचार केलाय आणि मला जे पटलं ते असं: लोकांनी बघावं म्हणून काही करू नका. जे करता ते लोकांना दिसलं तर झाकू नका. तुमच्या गॅलरीतली चांदणी दुसऱ्या प्रकारातली आहे. पहाटे पाचला गच्चीवर लाउडस्पीकर लावून गाणी वाजवणं पहिल्या प्रकारातलं. ते कुठल्याच धर्माचं मला चालत नाही, आमच्यांचंही नाही. गळ्यातला बारीक क्रूस, जेवणाआधी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये क्षणभर मिटलेले डोळे, ‘रविवारी सकाळी येता येणार नाही, चर्च असतं’ हे सरळ आवाजात सांगणं, यात मिरवणूक कुठे आहे?

आणि देशाचं म्हणाल, तर ‘सेक्युलर देशात देव घरात ठेवायचा’ हे संविधानाने कधी म्हटलेलं नाही. संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी अशी दुरुस्ती मांडली होती. मतदान झालं, ४१ बाजूने, ६८ विरोधात. देवाला सगळ्यांवर लादायचं नाही, असं त्या सभेने ठरवलं. पण त्याच संविधानात शपथ घेताना ‘ईश्वरसाक्ष’ म्हणायचं की गांभीर्यपूर्वक दृढकथन करायचं, हे शपथ घेणाऱ्यावर सोडलंय. आणि २५व्या अनुच्छेदाने आपला धर्म उघडपणे मानण्याचा, पाळण्याचा हक्क दिलाय. तिथे गॅलरीचा अपवाद नाही. (दृढकथनाचा पर्याय काही ख्रिस्ती लोकही आवर्जून निवडतात बरं का. येशूने ‘शपथ वाहूच नका’ म्हटलंय म्हणून. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी याच कारणासाठी इंग्लंडात तुरुंगात गेली होती.)

पण यजमान कायद्यावरून बोलत नाहीयेत, हे मलाही कळतं. आवाज खाली जातो त्याला कारणं आहेत. ‘बाटगे’ हा शब्द आपल्या आजोबांनी ऐकलाय. ‘किती पैसे मिळाले हो?’ हा प्रश्न आपण ऐकलाय. शिवाय कितीतरी मराठी ख्रिस्ती घरं दलित समाजातून आलेली, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना नाही. अशा घरांत कागदावर एक आणि रविवारी एक असं जगणं आलं, आणि त्याबरोबर हळू बोलण्याची सवयही. हे सगळं माहीत असताना मी तुम्हाला ‘घाबरू नका’ असा फुकटचा उपदेश करणार नाही. बाहेर तणाव असेल, कुणी धमकावत असेल, तर चांदणी हॉलमध्ये लावा, देव रागावणार नाही. पण तुमच्या पत्रात धमकी कुठेच दिसली नाही. दिसली ती चार वर्षं समजून घेणारी एक शेजारीण.

माझंच सांगते. नोकरीत नवीन असताना माझ्या आडनावावरून स्टाफरूममध्ये कुणाला काही कळलं नव्हतं, आणि मीही कळू दिलं नव्हतं. दोन वर्षांनी नाताळच्या सुट्टीआधी धीर करून करंज्यांचा डबा नेला. एक बाई म्हणाल्या, “अय्या, तुम्ही त्यातल्या? वाटत नाही हो! मराठी किती शुद्ध आहे तुमचं!” मी काय म्हणाले असेन? “थँक्यू.” पस्तीस वर्षं झाली, त्या थँक्यूची अजून लाज वाटते. म्हणायला हवं होतं की बाई, ओव्यांतली ख्रिस्तकथा गोव्यात १६१६ मध्ये छापून झाली होती. ती लिहिली थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्रीने, आणि आपल्या मराठीचं कौतुक तो रत्नांतल्या हिऱ्याशी तुलना करून करतो. म्हणायला हवं होतं की हे शरणपूर, ख्रिस्ती लोकांची वसाहत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे आहे, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंसुद्धा इथे येऊन शिकली, आणि त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या संशोधक लिव्हिंगस्टनची शवपेटी उचलायला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये उभा होता. असली उत्तरं नेहमी रात्री अंथरुणात सुचतात. त्या बाई वाईट नव्हत्या. पुढे माझ्याकडून करंजीच्या सारणाची कृती घेऊन गेल्या. खसखस जास्त घालायच्या, एवढाच दोष.

तुमच्यावर असं थँक्यू म्हणायची वेळ येऊ नये म्हणून आरतीचं आत्ताच मिटवून टाका. पुढच्या गणपतीची वाट बघू नका, तेव्हा घाईत पुन्हा ‘अडचण’ तोंडातून निघेल. नाताळच्या फराळाची ताटं जातील-येतील तेव्हा सेक्रेटरींच्या मिसेसना घरी बसवा, चहा द्या आणि सांगा: “वहिनी, चार वर्षं मी तुम्हाला खोटं सांगितलं. आम्ही ख्रिस्ती आहोत, आरतीचं ताट मी धरत नाही. पण गणपती सोसायटीचा आहे आणि सोसायटी आमचीही आहे. आमच्या दिवशी आरती दुसऱ्या कुणी करावी, प्रसादानंतरचा मसालेभात आमच्याकडे.” एवढंच. कारणमीमांसा नको, शास्त्रातली वचनं नकोत. आणि हे बोलताना मुलीला खोलीत पाठवू नका. तिथेच, तुमच्या शेजारी बसू दे.

आरतीला उभं राहायचं का? मी राहते, हात न जोडता, मागे, चपला काढून. कुणाच्या देवघरात गेल्यावर जसं उभं राहतो तसं. आमच्याच मंडळीतल्या काहींना हे पटत नाही, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

मोदकाचं मात्र तुम्ही विचारलं नसलं तरी सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना अगदी हीच पंचाईत पडली होती. बाजारातलं मांस देवळात दाखवून आलेलं असायचं, ते खावं की नाही? येशूचा प्रेषित पौल, त्याने त्यांना पत्रात लिहिलं की मूर्ती म्हणजे काही नव्हे, खाल्ल्याने आपण वाईट होत नाही आणि न खाल्ल्याने चांगले होत नाही. पण लगेच दुसरी बाजूही मांडली: तुझ्या खाण्याने दुसऱ्याचं मन दुखावून तो अडखळत असेल तर खाऊ नकोस. यावरून चर्चचर्चमध्ये वेगवेगळे निष्कर्ष काढतात. माझा निष्कर्ष असा की वहिनींनी हातावर ठेवलेला उकडीचा मोदक मी खाते, गरम असेल तर दोन. पण तुमच्या सासूबाईंना ते सहन होणार नसेल तर त्यांच्यासमोर मुद्दाम खाऊ नका, आणि त्यांना ‘जुनाट’ म्हणू नका. मुलीला ठरवू द्या. ती मोदक खाईल, मला खात्री आहे.

राहिली चांदणी. ती गॅलरीतच लावा.

माझे वडील चांदणी घरी करायचे. कामट्या तासून पाच टोकांचा सांगाडा, सुतळीने आवळलेला. कणकेची खळ शिजवायची आणि पतंगाचा कागद लावायचा, खळ गार होऊ द्यायची नाहीतर कागदाला गुठळ्या दिसतात. आत चाळीसचा बल्ब. पण सांगाडा दर वर्षी नवा नसायचा. शेजारच्या जोशीकाकूंचा दिवाळीचा आकाशकंदील तुळशीच्या लग्नानंतर उतरायचा, तोही पंचकोनी चांदणीच असायचा, आणि काकू फाटका कागद सोलून सांगाडा आमच्या ओट्यावर आणून ठेवायच्या. “घ्या, तुमच्या येशूला.” वडील त्यावर लाल-पांढरा कागद चढवायचे. जानेवारीत सांगाडा परत जायचा. तो एकच सांगाडा किती वर्षं दोन्ही घरी लटकला, कुणी मोजलं नाही.

तुमच्या यजमानांना ही गोष्ट सांगून पटणार असेल तर सांगा, नाहीतर त्यांना स्टुलावर चढवा. रेडिमेड प्लास्टिकची आणणार असाल तर आतली वायर बघून घ्या, स्वस्तातल्या चांदण्यांची होल्डरपाशी तुटते. गॅलरीच्या ग्रिलला दोन ठिकाणी बांधा, एका गाठीवर ती वाऱ्याने उलटी फिरते आणि खालचं टोक वर जातं. बटण मुलीच्या हाताला पोहोचेल असं ठेवा. रोज संध्याकाळी लावायचं काम तिचं.